न पाहिलेल्या खेळाडूचा शोक

घरचे माणूस गेले की आपण रडतो, यात नवल नाही. परंतु ज्याच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही, किंबहुना ज्याचा खेळही प्रत्यक्ष पाहिला नाही, अशा खेळाडूच्या निधनाने डोळ्यांत पाणी का यावे?

३० एप्रिल २०२० रोजी चुनी गोस्वामी वयाच्या ८२व्या वर्षी कोलकात्यात निवर्तले, तेव्हा मोहन बागानच्या चाहत्यांपुढे हाच प्रश्न होता. गोस्वामींनी फुटबॉल सोडला १९६८ साली. म्हणजे त्यांचा खेळ आठवणारी माणसे आता साठीच्या पुढची. तरीही त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले हळहळली.

गोस्वामींचा पराक्रम मोठा होता, हे खरेच. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. ते क्रिकेटपटूही होते. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. पण पराक्रमाने आदर मिळतो. जिव्हाळा मिळतो तो वेगळ्या कारणाने.

ते कारण असे. १९४६ साली, आठव्या वर्षी, ते मोहन बागानच्या बालसंघात आले. १९५४ पासून निवृत्तीपर्यंत ते मुख्य संघातून खेळले. दुसऱ्या क्लबचा सदरा त्यांनी कधी अंगात घातला नाही. कोलकात्यात पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे ईस्ट बंगालची आणि मूळची पश्चिमेकडची मोहन बागानची, अशी ढोबळ वाटणी असे. गोस्वामींचा जन्म मात्र किशोरगंजचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला! जन्माने जे समोरच्या गोटातले, ते निष्ठेने मोहन बागानचे झाले.

येथेच चाहत्याच्या दुःखाचे मूळ आहे. चाहत्याचे प्रेम बहुधा एकतर्फी असते. तो बापाकडून आलेला संघ जन्मभर सांभाळतो. खेळाडू मात्र हंगामाच्या तोंडावर संघ बदलून मोकळे होतात. अशा व्यवहारात एखादा खेळाडू जन्मभर थांबतो, तेव्हा चाहत्याला आपल्या प्रेमाची पोच मिळाल्यासारखे वाटते. तो गेला की ती पोच देणारा हातच गेला, असे वाटते.

त्या वेळी देशभर टाळेबंदी होती. एरव्ही अंत्ययात्रेला लोटली असती ती गर्दी घरातच अडकली. परंतु गर्दी हे शोकाचे केवळ बाह्य रूप होय. ज्यांनी खेळ पाहिला होता त्यांनी तो घरातल्या मुलांना सांगितला, आणि न पाहिलेला खेळाडू त्या मुलांचाही झाला. त्याच वर्षी क्लबच्या फुटबॉल संघाचे दुसऱ्या संघाशी विलीनीकरण होऊन नावातही बदल झाला. नाव बदलले तरी चाहता संघाला चिकटून राहतो, कारण आपल्यासारखाच चिकटून राहिलेला एक जण त्याला ठाऊक असतो.