थिबा राजवाडा : बंदिवासाच्या वास्तूचे वाचन

प्रस्तावना : ऐतिहासिक वास्तूंना भेट देणे हा इतिहासाच्या अध्यापनाचा आवश्यक भाग होय. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या सहली सिंदखेडराजा येथे जातात, तेव्हा लखुजीराव जाधवांचा वाडा सत्तेची वास्तू म्हणून सहज उलगडून दाखवता येतो. रत्नागिरी या जुन्या बंदराच्या शहरातील थिबा राजवाड्यास मात्र हे सूत्र लागू पडत नाही. तो राजाने नव्हे, तर राजाला कैद करणाऱ्या सरकारने बांधला. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. सागवान तोडणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीस त्याच्या दरबाराने मोठा दंड केला. या निमित्ताने नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. फ्रेंचांशी वाढणारी त्याची जवळीक हे त्यामागील अधिक खोल कारण होते. मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये राजपरिवारास रत्नागिरीस आणण्यात आले. एका बाजूस सह्याद्री, दुसरीकडे समुद्र, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात बोटी बंद. बंदर येथे दार नसून कुलूप ठरले! बहादूरशहा जफर यास १८५८ मध्ये रंगूनला धाडणाऱ्या राजवटीने येथे तीच रीत उलट दिशेने वापरली.

भाट्याच्या खाडीवर नजर ठेवणारी ही तांबडी तीनमजली इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली. नक्षीदार लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या हे तिचे वैशिष्ट्य. विद्यार्थी बहुधा तीच छायाचित्रे घेऊन परततात. वस्तुतः राजा तत्पूर्वी चोवीस वर्षे इतरत्र बंदिवासात होता व या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. मधल्या काळात सोबत आणलेली रत्ने हळूहळू विकली गेली. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते ती वर्षे (१९०८ ते १९१४) याच काळातील. रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, ही जोडी वर्गात मांडल्यास साम्राज्याचा नकाशा आपोआप उभा राहतो.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थिबा व धाकटी राणी यांच्या समाध्या मात्र शहरातच आहेत. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. राजवाडा पाहून समाधी न पाहणे म्हणजे अर्धे प्रकरण वाचणे होय.

थोरल्या राजकन्येची कथा याहून विदारक आहे. वाड्यावरील एका मराठी नोकरापासून तिला मुलगी झाली. आईबरोबर ब्रह्मदेशी गेलेली ही राजकन्या मुलीस घेऊन पुन्हा रत्नागिरीस परतली व १९४७ मध्ये निवर्तली. तिची मुलगी याच शहरात मराठी बोलत, हलाखीत संसार करीत राहिली.