प्रायश्चित्ताचा इतिहास : पतितांचा प्रश्न

इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या फर्मानानुसार रोमन साम्राज्यातील रहिवाशांना देवतांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. पपायरसवरचे असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव व गाव असते, कधी वय आणि अंगावरच्या व्रणाची खूणही असते. आपण देवांना नेहमीच भजत आलो, आताही अधिकाऱ्यांसमोर अर्घ्य सोडले आणि बळीचे मांस चाखले, असा मजकूर. खाली साक्षीच्या सह्या.

नकार देणाऱ्यांच्या वाट्याला कैद, छळ आणि काही वेळा मृत्यू आला. पुष्कळ ख्रिस्ती मात्र डगमगले. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, कोणी पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरताच हे पतित मंडळीच्या दाराशी परत आले.

त्यांचे काय करायचे? लोकांसमोर जो ख्रिस्ताला नाकारील त्याला तोही पित्यासमोर नाकारील, असा इशारा शुभवर्तमानात आहे. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला पुन्हा मेंढरे सोपवल्याची कथाही तिथेच आहे.

कार्थेजमध्ये तुरुंगवास सोसलेले विश्वासवीर पतितांना क्षमेची शिफारसपत्रे देऊ लागले. ‘अमुक आणि त्याची माणसे’ अशी मोघम पत्रेही निघाली. बिशप सिप्रियनने त्यांना हरकत घेतली. तो स्वतः त्या काळात अज्ञातवासात होता, त्यामुळे त्याचा शब्द अनेकांना मानवला नाही. तरी त्याचा मुद्दा खरा होता: पश्चात्ताप ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याच्या पुण्याईवर तो उरकता येत नाही.

रोममध्ये नोव्हेशियनने उलट टोक गाठले. अशा पापाची क्षमा देवाच्या हाती असेल, मंडळीने ती देऊ नये, असे म्हणत तो वेगळा झाला. क्षमेची आशाच नसेल तर कोणी रडत-उपास करत पश्चात्ताप कशासाठी करावा, हे सिप्रियनचे त्यावरचे उत्तर या साऱ्या वादातले सर्वांत वजनदार म्हणावे लागेल.

२५१ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशीअंती परत घ्यायचे; बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचे, मरणसमयी मात्र त्यांना क्षमा द्यायची. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसली आणि बिशपांनी हा निर्णयही शिथिल केला. ज्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगायचे, त्यांनाच त्याच्या प्याल्यापासून दूर कसे ठेवायचे? कालपर्यंत दुबळी ठरलेली माणसे उद्या टिकू शकतील, हा विश्वास त्या निर्णयामागे होता.

३२५ च्या नायसिया परिषदेने धमकी वा सक्ती नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी टप्पे ठरवले: तीन वर्षे वचन ऐकणाऱ्यांत, सात वर्षे दंडवत घालणाऱ्यांत, दोन वर्षे प्रभुभोजनाविना सामुदायिक प्रार्थनेत. मरणपंथाला लागलेल्या पश्चात्तापी माणसाला मात्र प्रभुभोजन नाकारू नये, हा जुना नियमही परिषदेने कायम ठेवला.