चोवीस डिग्रीचे पाणी

कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया कुटुंबाकडे एक काचेची नळी असते. बुडाशी वजन, वर आकडे. पाण्यात सोडली की उभी तरंगते आणि 'डिग्री' सांगते, म्हणजे पाणी किती दाट झाले ते. खाराघोड्याच्या पुढे ज्यांच्या मिठाच्या वाफ्यावर मी थांबलो होतो, त्या बेन नळी बुडवण्याआधी वाकून पाण्याकडे बघत आणि आकडा सांगून टाकत. नळी क्वचितच वेगळे बोलायची.

समुद्राचे पाणी तीन-साडेतीन डिग्रीचे. उरण-पेणच्या मिठागरांत भरतीचे पाणी अडवून तिथूनच सुरुवात करावी लागते. इथे समुद्र लांब. पण रण हाच एके काळी समुद्राचा फाटा होता. तो गाळाने भरत गेला आणि खारे पाणी मातीखाली राहिले. बोअरमधून येते तेच समुद्राच्या कितीतरी पट खारट. इंग्रजांनी 1872च्या सुमारास खाराघोड्याला मिठाचा कारखाना मांडला तो याच पाण्याच्या भरवशावर.

ऑक्टोबरात पावसाचे पाणी ओसरले की कुटुंबे रणात उतरतात. आधी चिखल पायांनी तुडवायचा, रोज, तळ घट्ट होईपर्यंत; नाहीतर जमीनच सगळे पाणी पिऊन टाकते. मग बोअरचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. वाटेत जिप्सम खाली बसून जाते. चोवीस-पंचविसाच्या आसपास शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते.

सगळे कौशल्य इथून पुढे आहे. मीठ आपोआप धरते, चांगले मीठ धरत नाही. नुसते सोडून दिले तर तळाला एकसंध थर बसतो. म्हणून रोज पोटरीभर पाण्यात उतरून लाकडी दाताळे ओढायचे, तळाचे दाणे हलते ठेवायचे. मग एकेक दाणा सुटा वाढतो, चौकोनी, टणक. इथे याला वडागरा म्हणतात. बेननी एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला: कडा धारदार, आत धूसर पांढरी चौकट. फार दाट होऊ दिले तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. ते मीठ कडवट लागते आणि हवेतले पाणी ओढते. म्हणून उरलेले पाणी वेळेवर काढून टाकावे लागते. कधी, ते पुन्हा ती नळी सांगते. किंवा बेन.

पूर्वी पंप डिझेलवर चालायचे आणि मोसमाच्या कमाईतला मोठा वाटा डिझेलच गिळायचे, तेही व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. आता बऱ्याच ठिकाणी सौर पॅनेल आली आहेत. उचल मात्र संपलेली नाही.

हे सगळे चालते ते अभयारण्यात. 1973पासून जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचे हे रण घुडखराचे, म्हणजे रानगाढवाचे, राखीव घर आहे. 1960च्या दशकात साथींनी त्यांची संख्या काही शेकड्यांवर आणली होती. 2024च्या गणनेत ती 7,672 भरली. अगरियांचे आणि त्यांचे फारसे वाकडे नाही. मिठाच्या वाफ्यात खायला काय असणार? घुडखर बेटांवर चरतात. बेट म्हणजे रणातला जरा उंच, गवताचा तुकडा. रात्री मात्र ते काठच्या शेतांत घुसतात, आणि शिव्या देतो तो शेतकरी. एका बेटावर सुकलेली लीद फोडून पाहिली, तर आत गांड्या बावळाच्या शेंगांतले अख्खे बी. हे बाहेरून आलेले काटेरी झाड बेटांवरचे गवत हटवत पसरते आहे. ज्याला वाचवायचे, तोच स्वतःचे कुरण मोडणारे बी पेरत फिरतो, हे पाहून जरा हसूच आले.

अगरियांची खरी धास्ती पाण्याची, आणि तेही गोड्या. अवकाळी पावसाचे समजू शकते. पण नर्मदेच्या कालव्यांचे जादा पाणीही काही वर्षे ऐन हंगामात रणात शिरले आहे. बांध फुटतो, चोविसावर आणलेले पाणी पातळ होते, धरलेले मीठ विरघळते. पाणी उपसून बाहेर काढायला पुन्हा पंप, आणि डिग्री पुन्हा चढायला पुन्हा ऊन. मार्च-एप्रिलात मीठ ओढून काढायचे असते. फेब्रुवारीत असे झाले तर ते ऊन पुरत नाही. व्यापाऱ्याची उचल मात्र तेवढीच राहते.