नदीकाठची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे जुनाच. सुताराच्या हाताखाली पोर राहायचं, वकिलाच्या कचेरीत नवा पदवीधर बसायचा. काम शिकायचं आणि पोटाचं ज्याचं त्यानं बघायचं. हल्ली अशी उमेदवारी पाणी, वनं, माती यांच्या कामातही निघाली आहे. शहरात तिला इंटर्नशिप म्हणतात. शिरूर-दौंडच्या आईबापांचा पहिला प्रश्न मात्र साधा असतो : 'पैसे मिळतात का?' या प्रश्नाला कुणी हसू नये.

आधी काम पाहू. पुणे शहराचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. त्याच्या खाली दौंड. हे पाणी कसं आहे, ते नुसतं बघून कळत नाही. काठावरचा उमेदवार बाटली पाण्याखाली भरतो आणि पाण्याखालीच बूच लावतो. आत एक बुडबुडा राहिला तरी नमुना फुकट, कारण बुडबुड्यातला प्राणवायू पाण्यात उतरतो. प्रयोगशाळेत पाण्यातला प्राणवायू मोजतात. मग तेच पाणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस अंधारात ठेवून पुन्हा मोजतात. जेवढा कमी झाला, तेवढा पाण्यातली घाण खाताना जंतूंनी वापरला. नमुना फार घाण असेल, तर आधी चांगलं पाणी घालून पातळ करावा लागतो. आंघोळीच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम हवा, आणि ३ दिवसांची ही घट ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असं प्रमाण आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलाला हे काम महिन्याभरात येतं. पण हात बसायला सहा महिने लागतात, बरं का!

आणि अडचण इथंच आहे. दौंड जंक्शन आहे, तिथल्या मुलाला पुण्याला गाडी मिळते. शिरूरला रेल्वे नाही, एस.टी.चा पास, खाणावळ, खोलीचं भाडं आलंच. बिनपगारी काम घरचं बरं असलेला मुलगाच करू शकतो. मजुराची मुलगी हुशार असूनही ते सोडून देते आणि मिळेल त्या दुकानात उभी राहते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणून हीच गाठ सोडवली होती. कायद्यानंही वाट दिली आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले. २०२४ साली राज्य शासनानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्यात १८ ते ३५ वयाच्या तरुणांना महिन्याला विद्यावेतन ठरलं : बारावी झालेल्याला ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने होती, पुढं वाढवली. शिक्षण चालू असलेल्यांना मात्र ती नव्हती. शिकत्या मुलांची सोय महाविद्यालयानंच बघायला हवी.

गुरुजींनी मुलाला पाठवण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. विद्यावेतन किती आणि कुठल्या तारखेला, शिकवणार कोण, आणि शेवटी दाखला काय मिळणार. 'अनुभव मिळेल' एवढंच सांगणाऱ्याला विचारावं, 'मग एस.टी.चं भाडं तरी?' मुलगा नुसता चहा आणतोय का खरंच बाटली भरतोय, हे पहिल्या पंधरवड्यात चौकशी करून पाहावं. शासकीय योजना असेल, तर त्या वर्षीचा शासन निर्णय वाचून मगच अर्ज करावा. आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते आधीच तपासून ठेवावं.