खोका बोलू लागला की शब्द हरवतात

गणपतीच्या दिवसांत महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर जाखडीचा नाच आणि शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. शाहीर सवाल टाकतो, समोरचा जबाब देतो. सगळी गंमत शब्दांची. पण मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला विचारा. तो सांगेल, "ढोलकी छातीत बसतेय, पण बुवा काय म्हणाला ते काय कळत नाय." मग कोणीतरी साउंडवाल्याकडे जाऊन "जरा वाढव रे" म्हणतो. आवाज वाढतो आणि शब्द आणखी गढूळ होतात.

याची कारणे अनेक असतात. माइक तोंडापासून लांब धरलेला असतो, अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ताणलेला असतो, सभागृह असेल तर भिंतींचा घुमारा असतो. मोकळ्या अंगणात मात्र घुमारा फारसा नसतो आणि तरीही शब्द हरवतात. अशा वेळी सगळ्यांसमोर बसलेल्या एका संशयिताकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे स्पीकरचा लाकडी खोका.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तो जेवढ्या जोराने पुढे जातो, तेवढ्याच जोराने त्याची लोखंडी चौकट मागे रेटली जाते. ही चौकट खोक्याला स्क्रूने आवळलेली असते. शिवाय खोक्यात कोंडलेली हवा आतून सगळ्या बाजूंना धक्के देत असते. त्यामुळे खोक्याचे फलक थरथरतात आणि तेही हवा ढकलू लागतात.

ही थरथर डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक असते, मग तिचे एवढे काय? उत्तर क्षेत्रफळात आहे. 12 इंची स्पीकरच्या शंकूचे क्षेत्रफळ साधारण 500 चौरस सेंटिमीटर भरते. तो ज्यात बसतो तो 60 बाय 40 बाय 35 सेंटिमीटरचा खोका घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून 11,800 चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे वीसपटीहून जास्त. एवढा मोठा पृष्ठभाग थोडासा हलला तरी ऐकू येतो. त्यात प्रत्येक फलकाची स्वतःची एक ठरलेली वारंवारता असते. ढोलकीच्या थापेत किंवा शाहिराच्या आवाजात नेमका तो सूर आला की फलक जोराने साथ देऊ लागतो. हा अनुनाद. मूळ आवाज थांबला तरी फलक क्षणभर गुणगुणत राहतो आणि पुढचा शब्द त्या गुणगुणीत पडतो.

तंबोऱ्यात आपल्याला हेच हवे असते. मिरजेचे कारागीर भोपळा निवडतात, तबकडी तासतात, ती वाद्याच्या अंगाने गावे म्हणूनच. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. स्पीकरचे काम याच्या अगदी उलट आहे. त्याने दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा पोहोचवायचा आहे. "आमच्या खोक्याला लाकडाचा गोड आवाज आहे" असे कौतुक कोणी केले, तर ती तक्रार समजावी.

आता कानाचे पाहू. मध्यम आकाराच्या खोक्याच्या फलकांचे अनुनाद बहुधा 100 ते 500 हर्ट्झच्या टापूत येतात. शब्दांची ओळख पटवणारी व्यंजने, म्हणजे स, श, त, फ यांसारखे आवाज, याच्या खूप वर, हजारो हर्ट्झमध्ये असतात. मग खालच्या गुणगुणीने वरची व्यंजने का बुडावीत? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्या तोंडाशी वरचे सूर ओळखले जातात, टोकाशी खालचे. खालच्या सुराची लाट टोकाकडे जाताना वाटेतला वरच्या सुरांचा सगळा भाग हलवत जाते. त्यामुळे मोठा खर्ज बारीक आवाजांना झाकतो, उलट तसे फारसे होत नाही. वयाबरोबर माणसाची ऐकण्याची शक्ती आधी वरच्या सुरांचीच कमी होते. म्हणजे ज्याला व्यंजने मुळातच कमी ऐकू येतात, त्याची उरलीसुरली व्यंजनेही खोका झाकतो. "आवाज येतो, पण कळत नाही" ही म्हाताऱ्यांची तक्रार हेकटपणाची नसते.

त्यावर आवाज वाढवण्याचा उपाय महाग पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित आहे. 90 डेसिबलला ही मुदत 4 तासांवर येते. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. शब्द कळावेत म्हणून दोनदा बटण फिरवले की पुढच्या रांगेतली पोरे एका रात्रीत आठवड्याचा हिशेब संपवतात.

खोका गप्प करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक, आतून आधार देऊन तो ताठ करायचा. दुसरा, त्याची थरथर शोषून घ्यायची, ज्याला भौतिकशास्त्रात अवमंदन म्हणतात. हे दोन्ही एकच असल्याची समजूत सर्रास आढळते, पण दोघांची कामे वेगळी आहेत.

आधाराने कंपन नाहीसे होत नाही, फलकाची वारंवारता वर जाते. इथे थोडे गणित करण्यासारखे आहे, कारण त्याचे उत्तर सुताराच्या सवयीविरुद्ध येते. 60 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर रुंद फलक घ्या. मध्यभागी आडवी पट्टी मारली तर त्याचे 30 बाय 30 चे दोन चौकोन होतात आणि वारंवारता सुमारे 1.6 पट होते. तीच पट्टी उभी, फलकाच्या लांबीतून मारली, तर 60 बाय 15 चे दोन पट्टे होतात आणि वारंवारता सुमारे 3.4 पट चढते. फलकाला ताठपणा देतो तो त्याचा अरुंद पन्हा, म्हणून तोच निम्मा करायला हवा. बहुतेक जण आडवी पट्टी मारतात, कारण तिला लाकूड कमी लागते आणि ती बसवायला सोपी असते. पट्टी बरोबर मध्यावरही नको. थोडी बाजूला सरकवली की दोन्ही भागांचे सूर वेगळे पडतात आणि दोघे मिळून एकच सूर ओरडत नाहीत.

याउलट 12 मिलिमीटरऐवजी 18 मिलिमीटरचे प्लायवूड वापरले तर वारंवारता फक्त दीडपट होते, वजनही दीडपट. पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या वाडीत जो स्पीकर खांद्यावरून चढवायचा आहे, त्याच्यासाठी दोन उभ्या पट्ट्या केव्हाही परवडल्या.

पण वारंवारता वर नेऊन काम भागते ते फक्त खर्जाच्या खोक्यात. तो साधारण 100 हर्ट्झपर्यंतच वाजतो. फलक त्याच्या पुष्कळ वर नेले की त्यांना छेडणारा सूरच येत नाही. माणसाचा आवाज वाजवणाऱ्या खोक्याला ही सुटका नाही. फलक कुठेही नेला तरी तो कुठल्या ना कुठल्या शब्दात सापडणारच. तिथे अवमंदन लागते.

बीबीसीच्या संशोधन विभागाने यावर बरेच काम केले. एच. डी. हारवूड आणि मॅथ्यूज यांचा खोक्यांच्या रचनेवरचा अहवाल 1977 चा आहे. फलकाचा अनुनाद कितपत असला तर कानाला जाणवतो, हे त्यांनी माणसांना ऐकवून तपासले. निष्कर्ष ऐकायला उलटा वाटतो. जाड, जड फलकापेक्षा पातळ प्लायवूडला आतून डांबरी थर चिकटवलेला खोका बोलणे अधिक स्वच्छ देतो. पातळ फलकाची थरथर डांबरात शिरते आणि त्याच्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन विरते. जाड फलकावर तेवढाच डांबरी थर फारसा चालत नाही. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी बीबीसीने 1970 च्या दशकात बनवलेला एलएस 3/5ए हा छोटा स्पीकर याच पद्धतीचा. इंग्लंडमधल्याच व्हार्फडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी त्याआधी दोन फलकांच्या मध्ये वाळू भरून पाहिली होती. वाळूचे कण एकमेकांवर घासून तेच काम करतात. वजनाचा प्रश्न मात्र उरतोच.

आपल्याकडे मोटारीच्या दारांना आतून चिकटवायचे डांबरी पत्रे मिळतात, ते चालतात. मोठ्या फलकांचा मधला भाग तरी झाकला जावा आणि पत्रा पूर्ण चिकटलेला असावा. फुगा राहिला तर उपयोग शून्य. खोक्यात भरतात तो पांढरा कापूस या कामाचा नाही. तो आतल्या हवेतले पडसाद कमी करतो, लाकूड त्याला दाद देत नाही.

खोका तपासायला यंत्र लागत नाही. फणस पिकला का हे जसे थापटून पाहतो, तसे बोटाच्या पेराने प्रत्येक बाजूच्या मध्यावर ठोकावे. लांबलेला पोकळ सूर आला तर तिथे काम आहे, बुटका 'ठक' आला तर बरे. मग एखादे पुरुषी आवाजातले कीर्तन लावून तळहात टेकवावा. मागची बाजू बहुधा सर्वात जास्त हलते, कारण ती कोणी बघत नाही म्हणून स्वस्त फळीची असते. कर्कश 'झर्र' येत असेल तर तो अनुनाद नव्हे, सैल स्क्रू किंवा पुढची जाळी. आधी ती आवळावी.

खोका कशावर ठेवला आहे तेही पाहावे. रिकाम्या पिंपावर आडवी फळी टाकून वर स्पीकर ठेवला, की पिंप हा दुसरा खोका होतो. लाकडी स्टेजवर असेल तर कंपन फळ्यांतून माइकच्या दांडीत शिरते आणि घूं घूं सुरू होते. खाली जाड रबराचे तुकडे टाकले तरी फरक पडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मिरवणुकीतल्या ज्या भिंतींनी घरांची कौले आणि पत्रे वाजतात, त्यांचा त्रास खोके मजबूत केल्याने कमी होत नाही. तो त्रास शंकूतून सरळ येणाऱ्या खर्जाचा आहे. उलट चांगला खोका जास्त मोठ्याने वाजवता येतो. आवाज फाटू लागला की ऐकणारा आपणहून 'पुरे' म्हणतो. स्वच्छ आवाजात तो इशारा मिळत नाही. म्हणून पट्ट्या मारून झाल्यावर मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने पहिल्या रांगेतला आकडा पाहावा. मापक अगदी अचूक नसले तरी अंदाज देते. आणि शब्द पूर्वीइतकेच कळेपर्यंत बटण खाली आणावे.

राहता राहिला पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या भागात भुशाच्या दाबलेल्या फळीचा खोका कडांनी फुगतो, सांधे सुटतात आणि चार महिन्यांत आधारपट्टी फक्त स्क्रूवर लोंबकळते. अशी पट्टी नसलेली बरी, कारण ती स्वतःच वाजते. पाणी सोसणारे प्लायवूड, पट्टीच्या पूर्ण लांबीभर सरस, आणि सरस वाळेपर्यंत रात्रभर शिकंजा एवढे करावे. हे काम मे महिन्यातच उरकावे. श्रावणात हवेतच एवढी ओल असते की सरस दोन दिवस वाळत नाही.