देव्हाऱ्यापासून रंगमहालापर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी मुलांची चित्रकलेशी पहिली ओळख ड्रॉइंगच्या तासाला झालेली नाही. ती झाली घराच्या दारावर. दाना ओलीसारख्या जुन्या वस्तीत लग्न निघालं की चितेरा येई आणि भिंतीवर ऋद्धिसिद्धींसह गणपती, हत्ती, घोडे काढून जाई. या चितेऱ्यांच्या नावाची चितेरा ओली लष्करातच आहे. आत देवघरात लक्ष्मी-सरस्वती असत त्या रविवर्म्याच्या, १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातल्या. म्हणजे ठाम रेषेचा सपाट रंगाचा देव आणि छायाप्रकाशातला देव, अशा दोन शैली मूल अक्षर गिरवण्याआधीच रोज पाहत असे. हे शिक्षण होतं असं कुणाला वाटलं नाही, हे आपलं दुर्दैव.

मला या विषयाचं वेड लागलं ते ग्वाल्हेरच्याच गुजरी महालातल्या संग्रहालयामुळे. हे संग्रहालय उभं केलं मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचा हा प्रमुख मराठी वाचकाला आज जवळजवळ अनोळखी आहे. त्यांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, संस्थानाने बाघच्या बौद्ध लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यासाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्या बरोबरीने या कामावर आणखी चौघे होते: आपटे, भांड, जगताप आणि भोसले. नंदलालांवर ग्रंथ निघाले. ही चार आडनावं मात्र लंडनच्या इंडिया सोसायटीने १९२७ मध्ये काढलेल्या बाघवरच्या ग्रंथापुरती उरली. त्यांच्यावर कुणीतरी मन लावून लिहायला हवं.

कारण त्यांनी केलं ते साधं नक्कलकाम नव्हतं. बाघची लेणी ठिसूळ वालुकाश्मात खोदलेली. पाणी झिरपे, गिलावा सुटे, छत कोसळे. १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्डने त्यांची नोंद केली तेव्हाच पुष्कळ नासलेलं होतं. उरलेली चित्रं पुढे १९८२ मध्ये भिंतींवरून उतरवून घ्यावी लागली. रंगमहाल म्हणतात त्या चौथ्या लेण्याच्या आणि शेजारच्या पाचव्याच्या ओसरीवर काय होतं, हे आज समजून घ्यायचं तर या प्रतिकृतींना पर्याय नाही.

आणि तिथे काय होतं? विहाराच्या भिंतीवर रडणारी एक स्त्री होती, तिची समजूत घालणारी सखी होती. नर्तकाभोवती फेर धरून टाळ-टिपऱ्या वाजवणाऱ्या बायका होत्या. हत्तीघोड्यांची मिरवणूक होती. धार्मिक चित्र म्हणजे नुसता देव नव्हे, देवाच्या निमित्ताने आलेलं सगळं जग, हे मुलांना सांगायला याहून चांगली भिंत नाही.

गर्द्यांच्याच काळात, १९२९ मध्ये, दुसऱ्या लेण्यात एक ताम्रपट मिळाला. माहिष्मतीच्या सुबंधु राजाने ‘कलयन’ नावाच्या या विहाराला एक गाव दान दिल्याची ती सनद. दान कशासाठी? बुद्धाच्या गंध, धूप, फुलांसाठी, भिक्षूंच्या अन्नवस्त्र-औषधासाठी आणि विहाराच्या पडझडीच्या दुरुस्तीसाठी. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. फुलांचा आणि गिलाव्याचा खर्च राजाने एकाच सनदेत बसवला. पूजा आणि जपणूक त्याच्या लेखी वेगळी नव्हती.

आपण मात्र ती वेगळी केली. देवाच्या चित्राला हात जोडायला मुलांना शिकवतो, ते पाहायला शिकवत नाही. ‘चित्रकला’ म्हणून त्यांच्या हाती देतो छापील बाह्यरेषेत रंग भरायची पुस्तकं. खरं तर देवाच्या चित्रात निम्मं काम आधीच झालेलं असतं. गोष्ट ठाऊक असते, पात्रं ओळखीची असतात; म्हणून डोळा मोकळा राहतो, आणि सरस्वतीची बोटं वीणेवर कशी टेकली आहेत, चितेऱ्याच्या हत्तीला सावली का नाही, हे प्रश्न मुलाला आपसूक पडतात.

तेव्हा मुलांना आधी देवघरापुढे बसवा, मग गुजरी महालात न्या. तिथे माहितीचा भडिमार नको. एक कागद, एक पेन्सिल द्या आणि बाघच्या प्रतिकृतीतल्या त्या सखीचा फक्त हात काढायला सांगा. नंदलाल आणि आपटे-भांड-जगताप-भोसले यांनी बाघमध्ये हेच केलं: समोरची रेषा आपल्या हाताने पुन्हा काढली. चित्र कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, आणि तो सात वर्षांच्या मुलालाही तितकाच खुला आहे.