तुरीच्या धुऱ्यावरची कोंबडी

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत हिवरखेड नावाचं गाव आहे. अमरावतीचं मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या मुलखात. अकोल्याचं तेल्हारा तालुक्यात. दोन्हींच्याही उत्तरेला सातपुडा. तेल्हाऱ्याच्या हिवरखेडवरून मीटरगेजची अकोला–खंडवा गाडी वान रोडला जायची आणि तिथून मेळघाटच्या जंगलात शिरायची. गाडी बंद झाली, जंगल मात्र जिथल्या तिथे आहे. वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही तीन अभयारण्यं १९९७ साली जाहीर झाली आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाली. या डोंगराच्या आणि काळ्या मातीच्या सपाट रानाच्या मध्ये भिंत नाही. तूर आहे. दिवाळीच्या सुमारास ती माणसाच्या डोक्याला लागते, आणि माघात कापणी होईपर्यंत तिच्यात कोण बसलंय ते धुऱ्यावरून दिसत नाही. त्याच धुऱ्यावर गावच्या कोंबड्या दिवसभर उकरत असतात.

बिबट्याचं नाव अशा गावात सगळ्यांच्या तोंडी असतं. कोंबडीच्या हिशेबात मात्र त्याचा नंबर बराच खाली लागतो. तो येतो तो कुत्र्यासाठी, बकरीसाठी. कोंबडीचे खरे गिऱ्हाईक लहान आहेत: रानमांजर, कोल्हा, मुंगूस, उदमांजर, घोरपड, धामण, नाग, घूस, वरून घार, शिक्रा, डोमकावळा. आणि सगळ्यांत जास्त नुकसान करूनही ज्याचं नाव कोणी घेत नाही तो गावातलाच मोकाट कुत्रा. नुकसान झालं की बोट जंगलाकडे दाखवायचं, ही सवय वऱ्हाडापुरती नाही.

खरं तर जंगलाशी कोंबडीचं नातं नुसतं वैराचं नाही. जगभरच्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे जुनंच. पण २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक तपासलं, तेव्हा ते तांबड्या रानकोंबड्याकडचं निघालं नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. राखी रानकोंबडा हा भारतीय द्वीपकल्पाचा पक्षी आणि मेळघाटात तो आजही आहे. पिवळ्या पायांची कोंबडी हिवरखेडात उकरत असो की अमेरिकेत, तिच्या पायांचा रंग या भारतीय वंशातला आहे. तेव्हा रानातून येणाऱ्या भक्षकांना ती काही नवखी नाही. तिचे निम्मे गुण त्यांनीच घडवलेत.

ते गुण कोणते, हे प्रयोगशाळेतही तपासलं गेलंय. क्रिस आणि लिंडा इव्हान्स व पीटर मार्लर या अभ्यासकांनी १९९३ मध्ये कोंबड्यांना पडद्यावर डोक्यावरून जाणारा ससाणा आणि जमिनीवरून चालणारा प्राणी दाखवला. कोंबड्याची इशारत दोन्ही वेळी वेगळी निघाली. नंतर शिकारी न दाखवता नुसते आवाज ऐकवले, तरी कोंबड्यांनी आवाजाप्रमाणेच वागून दाखवलं: आकाशाची इशारत ऐकून दबून बसणं, आडोसा गाठणं, वर पाहणं, जमिनीची ऐकून मान ताठ करून चहूकडे न्याहाळणं. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही म्हातारीला हे सांगायची गरज नाही. "घार दिसली का कोंबडं निराळंच वरडते," एवढ्यात ती हे सगळं सांगते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मोकळ्या कळपात जाणता, तीन-चार पावसाळे पाहिलेला कोंबडा ठेवणं हा खर्च नाही. आखाडीला भाव येतो म्हणून सगळे मोठे कोंबडे एकदम विकणारा माणूस आपले पहारेकरीच विकत असतो.

दुसरा गुण खुडूक बसण्याचा. गावरान कोंबडी एका वेळी दहा-चौदा अंडी घालते, मग एकवीस दिवस त्यांवर बसते, आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लं घेऊन हिंडते. या काळात ती अंडी देत नाही, म्हणून पोल्ट्रीवाल्याच्या वहीत खुडूकपणा हा दोष. वर्षाकाठी तिची अंडी पन्नासच्या आसपास. लेगहॉर्नची तीनशेच्या घरात. पण घारीची सावली पडताच पंख पसरून पिल्लांना पोटाखाली घेणारी, मांजरावर झेप टाकणारी, कुठल्या काट्याखाली शिरायचं ते रोज दाखवणारी आई ही त्या अडीचशे अंड्यांच्या बदल्यात मिळालेली असते. हिवरखेडसारख्या गावात कोणता सौदा परवडतो, हे अंड्यांच्या आकड्यावरून ठरत नाही. दसऱ्याला किती पिल्लं निघाली आणि होळीपर्यंत किती उरली, त्यावरून ठरतं.

सरकारी योजना नेमक्या इथे अडखळतात असं मला वाटतं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटी ७० लाखांच्या वर परसातली, आणि परसातल्यांची वाढ मागच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के. म्हणजे परसातली कोंबडी मागे पडतेय हा समज चुकीचा आहे. तिच्यावर पैसा लावणं योग्यच. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभाग एक दिवसाची शंभर पिल्लं, किंवा आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर, असे गट अनुदानावर देत आला आहे. पक्षी सुधारित: बंगळुरूची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज आणि ग्रामप्रिया. त्यांच्या अंगावर रंग आहे, त्या चपळ आहेत, गावठी वाटतात. वनराजचे लांब पाय आणि बेताचं वजन तिला शिकाऱ्यापासून वाचवतात, असं संचालनालय सांगतं. भरपूर दाणा घालून तिला जड केलं नाही, तोवर ते खरंही आहे. उत्तरेत बरेली जिल्ह्यातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील जातीच्या संकरातून ‘निर्भीक’ काढली, ती तर भांडखोर म्हणूनच निवडली. हे सगळे पक्षी नेटाने तयार केलेले आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

प्रश्न पक्ष्याचा नाही, पक्षी मोठा होतो त्या जागेचा आहे. यंत्रात उबवलेलं, दिव्याखाली वाढलेलं पिल्लू आठ आठवड्यांचं होऊन गावात उतरतं, तेव्हा त्याला ना आई असते ना जाणता कोंबडा. दचकण्याची उपजत बुद्धी असते. पण पऱ्हाटीच्या ढिगाखाली शिरायचं की पाण्याच्या टाकीमागे, दुपारी नाल्याकडे का जायचं नाही, हे कोण शिकवणार? वर या जाती खुडूक क्वचितच बसतात. कळप घटला की पुन्हा पिल्लं आणायला सरकारकडेच जावं लागतं. ज्यांनी दोन-चार गावरान कोंबड्या ठेवून त्यांच्याखाली वनराजची अंडी बसवली, त्यांनी योजनेतली ही फट आपल्या परीने बुजवली. ही युक्ती कुठल्याही पत्रकापेक्षा जुनी आहे. बदकाची अंडीसुद्धा कोंबडीखाली उबवतात.

आता रात्र. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, आणि शिकाऱ्यांतले बरेच रात्रीचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. कोंबडं झाकायचं कशासाठी, ते मात्र त्या म्हणीत आलेलं नाही.

सकाळी खुराड्यापाशी काय उरलंय, त्यावरून रात्री कोण येऊन गेलं याचा बराचसा अंदाज येतो. एकच कोंबडी गायब आणि पिसांची ओळ धुऱ्याकडे गेलेली: कोल्हा किंवा रानमांजर. मुंडकं नाही, धड तिथेच: उदमांजर, दिवसा असेल तर मुंगूस. अंडी टरफलासकट नाहीशी आणि बाकी सगळं जागेवर: नाग, दिवसा असेल तर धामण किंवा घोरपड. मेलेलं पिल्लू ओलं, डोक्याकडून लाळेने माखलेलं: सापाने गिळायला घेतलं आणि जमलं नाही. पिल्लं एकेक करून बिळाकडे ओढलेली: घूस. पाठीवर-ढुंगणावर चावलेल्या पाच-सात कोंबड्या अंगणभर पडलेल्या, खाल्लेली एकही नाही: कुत्रा, बहुतेक ओळखीचाच. या खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून एका रात्रीवरून न्याय करू नये. राख किंवा बारीक माती पसरून ठेवली तर दुसऱ्या रात्री पाऊल उमटतं.

एकाच रात्री सगळा खुराडा साफ झाला की लोक म्हणतात, जनावर माजलं. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली या गरजेपेक्षा जास्त मारण्यावर निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या, वादळी रात्री कोल्हे जमिनीवर बसलेल्या कुरव पक्ष्यांना शेकड्याने मारून तसेच टाकून जात, हे त्याने पाहिलं होतं. मोकळ्या रानात एकाला धरलं की बाकीचे उडून जातात आणि शिकार आपोआप थांबते. पक्षी उडालेच नाहीत, तर शिकाऱ्याच्या अंगातली ती कळ पुन्हा पुन्हा दाबली जाते. खुराडा म्हणजे पक्षी उडू शकत नाहीत अशीच जागा. म्हणून नीट न लागणाऱ्या दाराचा खुराडा हा खुराडा नसण्यापेक्षा वाईट. कडुलिंबावर चढून झोपणाऱ्या कळपातली एखादी कोंबडी उदमांजर नेईल, घुबड नेईल; सगळ्या जाणार नाहीत.

मग दार आणि जाळी यांवर थोडं. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्रा ती फाडतो आणि मुंगसाचं पिल्लू, घूस तिच्या भोकातून येतात. अर्धा इंची वेल्डमेश महाग पडते, पण ती सगळीकडे लागत नाही: खालचे दोन फूट आणि खिडक्या एवढं पुरे. जाळी जमिनीत फूटभर गाडावी, नाहीतर बाहेरच्या बाजूने दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवावेत. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. खुराडा तीन-चार फूट उंच खांबांवर घेतला तर खांबाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळावा. कडी एकाऐवजी दोन. कोंबडीला रात्रीपुरती एक चौरस फूट जागा चालते. तिला बसायला दांडी हवी आणि खालची विष्ठा काढता यायला हवी.

वऱ्हाडात याच्या उलटा धोकाही आहे आणि परगावची पुस्तकं तो सांगत नाहीत. अकोला हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्रा रात्री उशिरापर्यंत निवत नाही. शिकाऱ्याच्या भीतीने चारी बाजूंनी पत्रा ठोकलेल्या खुराड्यात मे महिन्यात जेवढ्या कोंबड्या गुदमरतील, तेवढ्या रानमांजर वर्षभरात नेणार नाही. तुराट्यांचा कूड, वर पऱ्हाटी किंवा गवत, आतून जाळी: हा जुना-नवा मेळ इथल्या उन्हाला मानवतो. नुसत्या कुडातून मुंगूस येतं, नुसत्या जाळीतून लू येते.

दिवसा मात्र कळप कोंडता येत नाही. कोंडला तर मोकळ्या कोंबडीचा फायदा काय? दिवसाचं संरक्षण म्हणजे आडोसा. अंगणापासून वावरापर्यंत दहा-पंधरा पावलांवर एखादं झुडूप, बोरीच्या काट्यांचा ढीग, उलटी टाकलेली बैलगाडी असली, की घारीला सूर मारायला मोकळी पट्टी मिळत नाही. तुरीच्या बाबतीत उलटं: घराकडची पहिली दोन-तीन तासं तुरीऐवजी भुईमूग-मुगासारख्या बुटक्या पिकाची ठेवली, तर रानमांजराला दबा धरायला जागा उरत नाही.

राहिला शिकाऱ्यांना विष घालण्याचा प्रश्न, कारण तो काढल्याशिवाय हा विषय गावात संपत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांनाही मारता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. राजस्थानात सरिस्का इथे शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खातं असा अंदाज निघाला. म्हणजे वर्षाला हजारावर. वर्षात एखाद-दुसरी कोंबडी नेणारं हे जनावर हरभऱ्याच्या वावरात फुकट राबत असतं. आणि विष टाकलेलं मांस आधी खातो तो आपलाच कुत्रा. कोंबडी तर मुरमुऱ्यात कालवलेलं उंदराचं औषधही खाते, आणि पेरणीतून सांडलेली, कीटकनाशक लावलेली सरकीही. पेरणीच्या आठवड्यात कळप वावरात सोडू नये, इतकी साधी गोष्ट अजूनही पुष्कळ ठिकाणी पाळली जात नाही.

या सगळ्या शिकाऱ्यांनी मिळून जेवढ्या कोंबड्या नेल्या नसतील, तेवढ्या मानमोडीची साथ एका उन्हाळ्यात नेते. राणीखेत हे तिचं कागदावरचं नाव. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, या दोन लसींवर ती आटोक्यात येते. लस थंड ठेवावी लागते आणि एक कुपी फोडली की शंभर-दोनशे पक्ष्यांना पुरते, म्हणून दहा कोंबड्या असलेलं घर ती घेतच नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी, कोंबड्या कोंडल्यावर, एका कुपीत काम उरकायचं, हाच त्यावर उपाय.

रोगाच्या बाबतीत धोका उलट्या दिशेने, कळपाकडून जंगलाकडेही जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाला, तेव्हा तो पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न वाटला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुन्यांत बर्ड फ्लूचाच एच-पाच-एन-एक विषाणू निघाला, आणि कच्च्या कोंबडीतून तो गेला असावा असा संशय घेतला गेला. हिवरखेड आणि वानचं जंगल यांच्यात कुंपण नाही, आणि मेलेली कोंबडी धुऱ्यापलीकडे नाल्यात भिरकावून द्यायची इथली रीत आहे. ती उचलायला रात्री कोल्हा येतो, मागून रानमांजर. तेव्हा कळपात दोन दिवसांत चार-पाच मेल्या, तर उरलेल्या विकायला काढण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. आणि मेलेल्या तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, वर काटे आणि दगड ठेवावेत, कारण कोल्हा उकरतो.